जळालेल्या चित्रपटाचे प्रेक्षक

उपहासाला दीर्घायुष्य क्वचितच लाभते. ज्या माणसांवर तो बेतलेला असतो ती काळाच्या पडद्याआड गेली, की त्याची धार बोथट होते आणि पुढच्या पिढीला कुणीतरी समजावून सांगितल्याशिवाय त्यात हसण्यासारखे काय होते हेही उमगत नाही. तरीही एखादी उपहासात्मक कृती अशी असते, की तिच्या स्वतःच्या गुणांपेक्षा तिला लाभलेले प्रेक्षकच इतिहासाला अधिक काही सांगून जातात. अमृत नाहटा ह्यांचा ‘किस्सा कुर्सी का’ हा हिंदी चित्रपट त्या जातीचा आहे. त्याचे कथानक आज फारसे कुणाला आठवत नाही. तो कुणी पाहिला, कुणी पाहू दिला नाही आणि अखेर पाहायला मिळाल्यावर लोकांना तो कसा वाटला, ही हकीकत मात्र आठवण्याजोगी आहे.

ह्या हकीकतीशी नागपूरचा काय संबंध, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. चित्रपट मुंबईच्या परिनिरीक्षण मंडळापुढे गेला, दिल्लीत अडला आणि त्याची राख झाली असे म्हणतात ती हरियाणातल्या गुडगावात. पण ज्या खात्याने तो अडवला त्या खात्याचे मंत्री नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे पदवीधर होते. चित्रपटांचे पूर्वपरीक्षण घटनेला धरून आहे असा निर्णय ज्या सरन्यायाधीशांनी दिला, तेही त्याच कॉलेजचे विद्यार्थी होते. आणि सरकारला बोचणारे शब्द कोणत्या माणसाच्या नजरेने जोखावेत ह्याचा मापदंड ज्यांनी घालून दिला, ते न्यायमूर्ती नागपूरच्याच उच्च न्यायालयात बसत होते. एका शहराने चित्रपटाला रोखणारा हातही दिला आणि त्या हाताला आवरणारा विचारही दिला. म्हणून ह्या कथेची सुरुवात आम्ही नागपुरापासून करीत आहोत.

सिव्हिल लाइन्समधली उच्च न्यायालयाची घुमटाकार वास्तू १९४० साली उघडली, तेव्हा नागपूर ही मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होती. त्या न्यायालयातले न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस हे नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू सर बिपिनकृष्ण बोस ह्यांचे नातू. त्यांच्या पत्नी आयरीन ह्या जॉन मॉट ह्यांच्या कन्या. जगभरच्या ख्रिस्ती युवक चळवळीचे पुढारी म्हणून मॉट प्रसिद्ध होते आणि १९४६ च्या नोबेल शांतता पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. त्याच सुमारास मुद्रणविषयक कायद्याखालचे एक प्रकरण बोस ह्यांच्यापुढे आले. सरकारविषयी अप्रीती पसरवणारा मजकूर छापला, असा प्रांतिक सरकारचा आक्षेप होता. परक्या सत्तेचा अंमल अजून संपलेला नव्हता आणि असल्या प्रकरणांत सरकारच्या बाजूने झुकणे न्यायाधीशाला सोपे होते. बोस ह्यांनी प्रश्नाचा मोहराच बदलला. शब्दांचा परिणाम काय होईल हे ठरवायचे असेल, तर तो कोणावर होणार हे आधी ठरवले पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. ज्याचे मन दुबळे आणि सतत डळमळणारे आहे, ज्याला प्रत्येक विरोधी मतात संकटाचा वास येतो, अशा माणसाला प्रमाण मानू नये. विवेकी, कणखर आणि धीराच्या माणसावर त्या शब्दांचा काय परिणाम होईल, हे पाहावे. १९४७ च्या निर्णयसंग्रहात तो निर्णय छापला गेला आणि कायद्याच्या पुस्तकांत विसावला. त्याचा खरा उपयोग पुढे चार दशकांनी व्हायचा होता.

त्याच न्यायालयात बोस ह्यांचे कनिष्ठ सहकारी होते न्यायमूर्ती मोहम्मद हिदायतुल्ला. रायपूरच्या शाळेतून ते मॉरिस कॉलेजात आले, तेथे सुवर्णपदक मिळवून केंब्रिजला गेले आणि १९३० साली परतून नागपुरात वकिली करू लागले. १९४६ साली ते न्यायाधीश झाले, १९५४ साली नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले आणि १९६८ साली भारताचे सरन्यायाधीश. पदावरून निवृत्त होण्याच्या सुमारे तीन महिने आधी, सप्टेंबर १९७० मध्ये, त्यांनी ख्वाजा अहमद अब्बास ह्यांच्या प्रकरणात निर्णय दिला. अब्बास ह्यांनी चार शहरांवर एक छोटा माहितीपट काढला होता आणि त्यातल्या मुंबईच्या वेश्यावस्तीच्या दृश्यांवरून मंडळाशी त्यांचा वाद झाला होता. छापील पुस्तकाला आधी परवानगी लागत नाही, मग चित्रपटालाच ती का लागावी, असा त्यांचा मूळ सवाल होता.

न्यायालयाने हा सवाल मान्य केला नाही. चित्रपट इतर कलांपेक्षा मनाला अधिक थेट भिडतो, म्हणून त्याचे पूर्वपरीक्षण घटनाबाह्य नाही, असे हिदायतुल्ला ह्यांनी ठरवले. आजही भारतातली चित्रपट परवानगीची व्यवस्था ह्या निर्णयाच्या पायावर उभी आहे. मात्र त्याच निर्णयात त्यांनी एक अट घालून ठेवली. आपले निकष असे नसावेत, की समाजातल्या अत्यंत असमर्थ आणि अत्यंत विकृत माणसाला जपण्यासाठी निरोगी मनाच्या माणसांनी काय पाहू नये हे ठरवले जाईल. कुंपण राहू द्या, पण ते सर्वांत दुबळ्या माणसाच्या उंचीचे करू नका, असा त्याचा आशय होता. मागे नागपुरात बोस ह्यांनी जे सांगितले त्याचीच ही दुसरी बाजू म्हणता येईल.

कुंपण उभे राहिले. त्याची किल्ली कोणाच्या हाती जाईल, हे न्यायालयाला ठरवता येत नाही.

एप्रिल १९७५ मध्ये ‘किस्सा कुर्सी का’ परिनिरीक्षण मंडळाकडे दाखल झाला. त्याचे कर्ते नाहटा हे राजस्थानातल्या बाडमेरहून १९६७ व १९७१ साली निवडून आलेले काँग्रेसचे खासदार होते. उपहासकर्ता विरोधकांच्या गोटातला नव्हता, ज्या घराची तो थट्टा करीत होता त्याच घरात राहणारा होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कथानक रूपकात्मक होते. गंगाराम नावाचा एक सामान्य माणूस राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीवर जाऊन बसतो आणि ‘जनता’ नावाच्या मुक्या तरुणीला वश करू पाहतो. जनतेची भूमिका शबाना आझमी ह्यांनी केली होती. लोकांसाठी स्वस्त मोटार काढण्याच्या योजनेची, सत्तेभोवती वावरणाऱ्या स्वामींची आणि खासगी सचिवांची त्यात थट्टा होती. ती कुणाकडे रोखलेली आहे हे त्या काळच्या कुठल्याही वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसाने सहज ओळखले असते.

मंडळाला निर्णय घेववला नाही. प्रकरण सात जणांच्या पुनर्विचार समितीकडे गेले आणि तेथून केंद्र सरकारकडे. माहिती व नभोवाणी मंत्रालयाने निर्मात्याला नोटीस पाठवली आणि तीत एकूण ५१ हरकती नोंदवल्या. एका अर्थाने हेच ह्या चित्रपटाचे पहिले परीक्षण. इतक्या बारकाईने तो पुढे कुठल्याही समीक्षकाने पाहिला असेल असे आम्हाला वाटत नाही. प्रत्येक हरकतीमागे एक ओळख दडलेली होती: हा अमुक, ही तमुक, ही योजना ती योजना. उपहासातली खूण पटल्याशिवाय हरकत घेताच येत नाही. म्हणजे चित्रपट पूर्णपणे समजलेले पहिले प्रेक्षक म्हणजे तो बंद करू पाहणारे अधिकारी.

नाहटांनी जुलै १९७५ मध्ये उत्तर दिले. चित्रपटातली पात्रे काल्पनिक आहेत, कोणत्याही व्यक्तीशी वा पक्षाशी त्यांचा संबंध नाही, असे त्यात म्हटले होते. हे उत्तर केविलवाणे आहे. ज्याने थट्टा केली त्यालाच आपण थट्टा केली नाही असे लिहून द्यावे लागले. पण तोवर २५ जूनची रात्र उलटून गेली होती. देशात आणीबाणी पुकारली गेली होती, वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी बसली होती, आणि माहिती व नभोवाणी खात्याची सूत्रे इंद्रकुमार गुजराल ह्यांच्याकडून विद्याचरण शुक्ल ह्यांच्याकडे आली होती.

विद्याचरण हे मध्यप्रांताचे नेते पंडित रविशंकर शुक्ल ह्यांचे पुत्र. वडील मध्यप्रांताचे आणि पुढे जुन्या मध्यप्रदेशाचे मुख्यमंत्री असताना राज्याची राजधानी नागपूर होती. मुलाने १९५१ साली मॉरिस कॉलेजातून पदवी घेतली आणि १९५७ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षाच्या आत, लोकसभेत प्रवेश केला. १८८५ साली स्थापन झालेले ते कॉलेज आज वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था ह्या नावाने ओळखले जाते. एकाच विद्यालयाच्या पायऱ्या चढून गेलेल्या दोघांपैकी एकाने चित्रपटाच्या परवानगीला कायद्याची चौकट दिली आणि पाच वर्षांनी दुसऱ्याच्या खात्याने त्या चौकटीत काय काय बसवता येते ते दाखवले. किशोरकुमार ह्यांनी सरकारी कार्यक्रमासाठी गाण्यास नकार दिला म्हणून आकाशवाणीवरून त्यांची गाणी बंद झाली, तीही ह्याच खात्याच्या कारकिर्दीत.

चित्रपटाला परवानगी नाकारली गेली. नाहटा सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने मग जे ठरवले ते आम्हाला ह्या सगळ्या प्रकरणातले सर्वांत शहाणपणाचे पाऊल वाटते: चित्रपट आपण स्वतः पाहू, मग बोलू. न्यायमूर्तींसाठी नोव्हेंबर १९७५ मधला एक दिवसही नेमला गेला. तो खेळ झाला नाही. चित्रपट दाखवणे शक्य नाही, असे पुढे सरकारतर्फे सांगण्यात आले. प्रती आणि मूळ निगेटिव्ह पेट्यांत भरून मुंबईहून दिल्लीला आणली गेली, तेथून गुडगावच्या मारुती कारखान्याच्या आवारात नेली गेली आणि तेथे जाळून टाकली गेली, असा अभियोग पुढे उभा राहिला. त्यानंतर महिन्याभरातच, डिसेंबर १९७५ मध्ये, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवत ह्यांनी लेखनस्वातंत्र्याचा प्रश्न निर्भयपणे मांडला. पुढच्याच वर्षी त्यांना तुरुंगात जावे लागले. कागदावरचा शब्द आणि पडद्यावरचे चित्र ह्यांचे दैव त्या दिवसांत एकाच धाग्याने बांधलेले होते.

मार्च १९७७ मध्ये सत्तापालट झाला. शाह आयोगापुढे ह्या प्रकरणाची चौकशी झाली आणि संजय गांधी व विद्याचरण शुक्ल ह्यांच्यावर खटला उभा राहिला. साक्षीदार फिरू लागल्याच्या कारणावरून मे १९७८ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड ह्यांच्या न्यायासनाने संजय गांधी ह्यांचा जामीन काही काळ रद्द केला. २७ फेब्रुवारी १९७९ रोजी दिल्लीच्या तीसहजारी न्यायालयात न्यायाधीश ओ. एन. व्होरा ह्यांनी दोघांनाही दोषी ठरवून शिक्षा सुनावली. एप्रिल १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द करून दोघांची निर्दोष मुक्तता केली. कायद्याच्या दृष्टीने शेवटचा शब्द हाच आहे आणि तो सांगितल्याविना ही कथा सांगणे अन्यायाचे होईल. जळालेल्या चित्रपटाचा गुन्हेगार कोर्टात सिद्ध झाला नाही. चित्रपट मात्र गेला तो गेलाच.

आता दुसऱ्या प्रेक्षकांकडे वळू. नाहटांनी हार मानली नाही. तोच चित्रपट त्यांनी पुन्हा उभा केला. शबाना आझमी ह्यांनी पुन्हा मुकी जनता साकारली, मनोहर सिंग ह्यांनी गंगारामची भूमिका केली, सुरेखा सिक्री आणि उत्पल दत्त हे मातब्बर कलावंत सोबतीला होते आणि संगीत जयदेव ह्यांचे होते. १९७८ साली तो चित्रपटगृहांत आला. सरकारने जाळलेला चित्रपट म्हणून त्याची कीर्ती आधीच देशभर पसरली होती. तिकीटखिडकीवर झुंबड उडायला हवी होती. तसे काही झाले नाही. चित्रपट चालला नाही आणि समीक्षकांनीही त्याला डोक्यावर घेतले नाही. उपहास उघडा, रूपक ठोकळेबाज, विनोद हाताने ढकलावा लागणारा, असाच एकंदर सूर होता. शबाना आझमींच्या नि:शब्द अभिनयाचे आणि नाट्यकलावंतांच्या कामाचे कौतुक झाले, पण चित्रपट म्हणून तो मनात घर करू शकला नाही.

असे का झाले असावे? आम्हाला त्याची दोन कारणे दिसतात. पहिले कलेचे. त्याच दशकात मराठीत विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि डॉ. जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला ‘सामना’ आला होता. सहकारी साखर कारखान्याच्या जोरावर गावाचा मालक होऊन बसलेला हिंदुराव आणि त्याला प्रश्न विचारीत राहणारा दारुडा मास्तर, ही दोन माणसे निळू फुले आणि श्रीराम लागू ह्यांनी अशी जिवंत केली, की तो सामना कुठल्याही गावाला आपला वाटावा. तेथे सत्ता हे माणसाचे रूप घेऊन येते, म्हणून हिंदुरावाची भीतीही वाटते आणि कीवही येते. ‘किस्सा कुर्सी का’ मध्ये माणसे नव्हेत, फलक चालताबोलताना दिसतात: ही जनता, ही खुर्ची, हा भ्रष्टाचार. फलक वाचून होतो, त्याच्याकडे पुन्हा पाहावेसे वाटत नाही.

दुसरे कारण काळाचे. चित्रपटातली जनता मुकी होती. पण १९७८ सालच्या प्रेक्षकाने वर्षभरापूर्वीच मतपेटीतून आपले म्हणणे मांडले होते आणि दिल्लीत राज्य करणाऱ्या पक्षाचे नावच ‘जनता’ होते! पडद्यावर जी व्यथा दाखवली जात होती तिची तड लोकांनी आपल्यापुरती लावून टाकली होती. १९७५ साली जो चित्रपट धाडस ठरला असता, तो १९७८ साली शिळा झाला. उपहासाची वेळ चोरली, की त्याचा जीवच चोरला जातो. आग लावणाराला हे कळले होते की नाही कोण जाणे, पण चित्रपटाची खरी हानी राखेपेक्षा त्या तीन वर्षांनी केली.

आणि येथे एक मोठी अडचण उभी राहते. ‘किस्सा कुर्सी का’ हा सुमार चित्रपट होता, असा निवाडा आज आपण देतो तो दुसऱ्या आवृत्तीवरून. पहिली कशी होती? तीत अधिक चपळाई होती, की ती ह्याहून कच्ची होती? तिचे जाहीर परीक्षण कधी झालेच नाही. ज्यांनी ती पाहिली त्यांच्यापैकी बहुतेक सरकारी कागदांवर सह्या करणारे होते. कुंदन शाह ह्यांचा ‘जाने भी दो यारो’ १९८३ साली आला, तेव्हा त्यालाही गर्दीचे भाग्य लाभले नव्हते. पण त्याच्या प्रती शिल्लक होत्या, दूरदर्शनवर तो पुन:पुन्हा दिसला, आणि पाहता पाहता पिढ्यांनी त्याला आपल्या भाषेतले, आपल्या हसण्यातले स्थान दिले. लोकांचे मत पहिल्या शुक्रवारी बनते, पण ते तेथेच थांबत नाही. पहिल्या ‘किस्सा कुर्सी का’ला ना पहिला शुक्रवार मिळाला, ना पुढची वर्षे.

ह्या चित्रपटाने लोक बिथरले असते, राज्य डळमळले असते, ही भीती तरी खरी होती काय? नागपूरच्या मतदारांनी ह्याचे उत्तर आपल्या परीने देऊन ठेवले आहे. १९७७ साली उत्तर भारतात काँग्रेसचा धुव्वा उडाला, तेव्हा विदर्भाने मोठ्या प्रमाणावर त्याच पक्षाला कौल दिला. नागपूरहून काँग्रेसचेच गेव्ह आवारी लोकसभेत गेले. उत्तरेच्या मतदाराने चित्रपट न पाहता सरकार उलथवले, विदर्भाच्या मतदाराने चित्रपट न पाहता त्याला साथ दिली. पुढे चित्रपट सर्वांना पाहायला मोकळा झाला आणि १९८० साली देशाने इंदिराजींना पुन्हा सत्तेवर बसवले. लोकांनी ह्या तिन्ही वेळा आपापल्या अनुभवावरून मत दिले. दोन तासांच्या थट्टेने ज्याचे मन फिरेल असा मतदार मंत्रालयाच्या कल्पनेत होता, प्रत्यक्ष रांगेत तो उभा नव्हता. बोस ह्यांनी ज्या दुबळ्या, डळमळत्या मनाच्या माणसाला प्रमाण मानू नका म्हणून बजावले होते, त्यालाच मंत्रालयाने प्रमाण मानले होते.

नागपूरचा तो मापदंड अखेर चित्रसृष्टीच्या कामी आला तो १९८८ साली. भीष्म साहनींच्या कादंबरीवरची, गोविंद निहलानी ह्यांनी दिग्दर्शित केलेली ‘तमस’ ही मालिका दूरदर्शनवर सुरू झाली आणि फाळणीच्या दंगलींचे चित्रण पाहून लोक पुन्हा एकमेकांवर उठतील, अशी भीती घालून ती थांबवण्यासाठी न्यायालयात धाव घेतली गेली. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती लेन्टिन आणि सुजाता मनोहर ह्यांनी मालिका स्वतः पाहिली आणि मागणी फेटाळली. सर्वोच्च न्यायालयानेही तेच केले, आणि ते करताना व्हिव्हियन बोस ह्यांच्या नागपूरच्या निर्णयातला कणखर मनाचा माणूस पुन्हा पुढे आणला. पुढच्याच वर्षी, मार्च १९८९ मध्ये, आरक्षणावरील एका तमिळ चित्रपटाच्या प्रकरणात, म्हणजे रंगराजन खटल्यात, न्यायालय आणखी एक पाऊल पुढे गेले: मोर्चे निघतील, दगडफेक होईल, अशा धमकीपुढे सरकारला हात टेकता येणार नाहीत, चित्रपटाचे रक्षण करणे हेच सरकारचे काम आहे. १९७५ साली जो खेळ झाला नाही, त्याचे उत्तर तेरा-चौदा वर्षांनी का होईना, मिळाले.

ह्या इतिहासाकडे आपण ख्रिस्ती कुटुंबांनी त्रयस्थासारखे पाहून चालणार नाही. पाहणाऱ्याला जपायचे की घडवायचे, हा प्रश्न आपल्या घरातलाही आहे. १९३६ साली पोप पायस अकरावे ह्यांनी चित्रपटांवर परिपत्रक काढले, तेव्हा कोणता चित्रपट पाहावा, कोणता टाळावा ह्याच्या याद्या श्रद्धावंतांना मिळाव्यात असा त्याचा रोख होता. चित्रपट हे माध्यम तेव्हा नवे होते आणि ती काळजी अनाठायी नव्हती. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सामाजिक संपर्कमाध्यमांवर आदेशपत्र दिले. त्यात पाहणाऱ्याने, वाचणाऱ्याने, ऐकणाऱ्याने जाणतेपणाने निवड करावी आणि आपली सदसद्विवेकबुद्धी घडवावी ह्या जबाबदारीला ठळक स्थान मिळाले. तीन वर्षांनी, १९६६ साली, निषिद्ध ग्रंथांच्या शतकानुशतके चालत आलेल्या सूचीची कायदेशीर सक्ती रोमने संपवली. कुंपणाकडून विवेकाकडे असा हा प्रवास आहे. कणखर मनाचा प्रेक्षक जन्मतः मिळत नाही, तो घरात, शाळेत आणि धर्मग्रामात घडवावा लागतो, हे त्या प्रवासाचे सार आम्हाला वाटते.

खरी परीक्षा मात्र थट्टा आपल्यावर आली की होते. २००६ साली ‘द दा विंची कोड’ आला, तेव्हा ख्रिस्ती श्रद्धेवर घाला पडला अशी आपल्यातल्या अनेकांची भावना झाली. काही राज्यांनी बंदी घातली. आंध्र प्रदेशातली आणि तमिळनाडूतली बंदी तिथल्या उच्च न्यायालयांनी उठवली, आणि त्यामागे रंगराजन निकालाचेच तत्त्व उभे होते. म्हणजे नागपूरहून निघालेल्या विचाराचा निवाडा ह्या वेळी आपल्या मागणीच्या विरुद्ध गेला. २०१२ साली ‘कमाल धमाल मालामाल’ ह्या हिंदी विनोदी चित्रपटातल्या ख्रिस्ती समाजाच्या आणि धर्मगुरूंच्या चित्रणावर कॅथलिक संघटनांनी हरकत घेतली आणि काही दृश्ये गाळली गेली. धर्मगुरूला विदूषक केलेले पाहून ज्याचे मन दुखत नाही त्याची श्रद्धा कितपत खोल असेल, अशी शंका आम्हालाही येते. दुखणे खोटे नव्हते. पण दुखल्यावर काय करायचे, हा त्यापुढचा प्रश्न आहे.

निषेध करावा. वर्तमानपत्रात लिहावे. चित्रपट पाहू नये, मुलांना घेऊन जाऊ नये, कुणी विचारलेच तर तो कसा उथळ आहे हे सांगावे. हे सारे परीक्षणाचेच प्रकार आहेत आणि ते आपला हक्क आहेत. परंतु कुणीच पाहू नये म्हणून सरकारचा हात मागणे ही निराळी गोष्ट. तो हात एकदा लांबवला, की तो नेहमी आपल्याच बाजूने पडेल ह्याची हमी नसते. नाहटा स्वतः सत्ताधारी पक्षाचे खासदार होते. कुंपणाच्या आतल्या बाजूला उभे आहोत ह्या भरवशाने त्यांनाही वाचवले नाही. आपल्यासारख्या अल्पसंख्य समाजाने तर हे अधिकच ओळखून असावे. आपल्या प्रार्थनेला, आपल्या शाळांना, आपल्या शब्दाला जो कायदा आसरा देतो, तोच कायदा आपल्या थट्टेलाही आसरा देतो. त्यातला आपल्याला हवा तेवढाच भाग कापून घेता येत नाही.

विद्याचरण शुक्ल ह्यांचा शेवट शोकात्म झाला. मे २०१३ मध्ये छत्तीसगडातल्या झीरम घाटीत नक्षलवाद्यांच्या गोळीबारात ते जखमी झाले आणि पुढच्या महिन्यात वारले. इतिहासाला माणसाचे एकच कृत्य आठवते असे नाही, पण त्यांच्या मृत्यूनंतरच्या लेखांतही त्या जळालेल्या चित्रपटाचे नाव आलेच. गंमत अशी, की तो चित्रपट चालू दिला असता तर तो बहुधा महिन्याभरात विसरला गेला असता. प्रेक्षक हसले असते, कंटाळले असते, निम्मे मध्यंतरालाच उठून गेले असते, आणि ‘ठीक आहे, पण फारच उघड’ असे म्हणून घरी परतले असते. १९७८ साली त्यांनी नेमके तेच केले. हा निवाडा कठोर होता, पण तो देण्याचा अधिकार ज्यांचा होता त्यांनी दिला होता. त्यासाठी आग लागत नाही. तिकीट काढून अंधारात बसलेला एक शाबूत मनाचा माणूस पुरतो.